गोळी सोसली नाही, तर सांगायचे कुणाला?

वाचकहो, आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरात कुणाला एखादी गोळी किंवा इंजेक्शन सोसले नाही, असे कधी झाले आहे का? अंगावर गांधी उठल्या, तोंड आले, घेरी येऊन पडायला झाले, डोळे पिवळे झाले? बहुतेक घरांत असे एखादे उदाहरण निघतेच. आता दुसरा प्रश्न. त्या गोळीचे नाव काय होते? इथे मात्र बहुतेक जण गप्प होतात. "मोठी पांढरी होती", "लाल-पिवळी कॅप्सूल होती", "मेडिकलवाल्यानं दिली होती, पाकीट काही ठेवलं नाही."

आमच्या धाकट्या काकूंचीच गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लघवीच्या जळजळीवर त्यांना कुठूनशा गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ओठ सुजले, अंगावर लाल चट्टे उठले. घरच्यांनी "उष्णता झाली" म्हणून सब्जा आणि ताक पाजले, उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. आठवड्याभरात बरे वाटले. विषय संपला.

चार वर्षांनी काकू लेकीच्या गावी गेल्या. तोच त्रास, दुसरे डॉक्टर. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारले, "मावशी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" काकू म्हणाल्या, "न्हाई बा, तसलं काही न्हाई." त्यांच्या लेखी ती उष्णता होती, औषधाचा काय संबंध? गोळी निघाली नेमकी तीच. या खेपेला दुसऱ्याच दिवशी तोंडाच्या आतली साल निघाली, डोळे चिकटले, पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटू लागली. तीन आठवडे रुग्णालयात काढले. जीव वाचला, पण एका डोळ्याने आजही अंधुक दिसते. तिथल्या डॉक्टरांनी औषधाचे कूळ सांगितले : सल्फा. आणि म्हणाले, "पहिल्या वेळी कुणी नाव लिहून ठेवलं असतं, तर ही वेळ आली नसती."

यात दोष कुणाला द्यायचा? दुसऱ्या डॉक्टरांनी विचारले होते, काकूंनीही खोटे सांगितले नाही. पहिल्या वेळी विचारून लिहून घेणारे माणूस मात्र कुणीच नव्हते. ते माणूस गावात तयार कसे करायचे, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचे आहे.

औषध तपासलेले असते, मग असे का?

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. संशोधन केंद्राच्या दहा गुंठ्यांत उत्तम आलेले वाण तुमच्या चुनखडीच्या रानात पिवळे पडते, हे तुम्ही पाहिलेले असते. औषधाचेही तसेच. बाजारात येण्यापूर्वी ते काही शे, फार तर काही हजार लोकांना देऊन पाहतात. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास तीन हजारांच्या चाचणीत दिसणार कसा? शिवाय चाचणीतली माणसे निवडून घेतलेली असतात. आपल्याकडे तीच गोळी अशक्त, रक्त कमी असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, उन्हात खुरपणी करणाऱ्या आणि आधीच चार गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या पोटात जाते. खरी परीक्षा तिथे सुरू होते.

जगाला हा धडा फार महागात शिकावा लागला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी युरोपात निर्धोक म्हणून खपत होती. गरोदर बायाही मळमळीवर घ्यायच्या. मग हात-पाय नसलेली, खुरटलेल्या अवयवांची मुले जन्माला येऊ लागली. जर्मनीत डॉ. लेंझ आणि ऑस्ट्रेलियात डॉ. मॅकब्राइड यांना संशय आला. मॅकब्राइड यांनी डिसेंबर 1961 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाला लहानसे पत्र लिहिले. मला असे दिसते आहे, इतर कुणी पाहिले आहे का, एवढाच त्याचा आशय. पुरावा नव्हता, शंका होती. तोपर्यंत जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलांना बाधा झालेली होती. त्यानंतर 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या अशा नोंदी एकत्र करण्याचे काम हाती घेतले. आज स्वीडनमधल्या उप्साला येथील केंद्रात तीन कोटींहून अधिक नोंदी जमा आहेत.

आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै 2010 मध्ये सुरू झाला. 2011 पासून त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आणि रुग्णालयांतून त्याची नोंदणी केंद्रे चालतात. कागद तिथे जातो, त्याचा अभ्यास होतो, आणि एकाच औषधाबद्दल तशाच नोंदी साचल्या की इशारा निघतो. नोव्हेंबर 2023 चा इशारा आठवत असेल. पाळीतल्या पोटदुखीवर आणि अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळीने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि यकृतासारख्या आतल्या अवयवांना इजा होऊ शकते, असे डॉक्टरांना आणि लोकांना कळवण्यात आले. असे इशारे आकाशातून पडत नाहीत. कुठल्या तरी वॉर्डातल्या कुणी तरी फॉर्म भरलेला असतो.

अडचण अशी की हे फॉर्म मुख्यतः शहरातून, मोठ्या रुग्णालयांतून जातात. गोळी खाल्ली जाते गावात. अंग सुजते गावात. आणि गावात ते कुणी लिहीत नाही.

आशाताईंच्या प्रशिक्षणात मी काय पाहिले

एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा स्वयंसेविका आणि आरोग्यसेविकांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण होते. मागे बसून ऐकायची परवानगी मिळाली. पहिला तास भाषणाचा. फळ्यावर लांबलचक इंग्रजी शब्द, आणि बायांच्या डोळ्यांवर झापड. मग शिकवणाऱ्या बाईंनी खडू खाली ठेवला, पिशवीतून रिकामी पाकिटे आणि बाटल्या काढून टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही मला शिकवा. गावात औषध सोसलं नाही तर लोक काय म्हणतात?"

मग काय विचारता! "औषध उलटलं म्हणतात." "गरम पडलं म्हणतात." "पित्त उठलं." "अंगातली कड बाहेर पडली, चांगलंच झालं म्हणतात." एक तरुण ताई जरा बिचकत म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं एका पोराला उलट्या होत होत्या म्हणून इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी त्याची मान वाकडी झाली, डोळे वर गेले. घरचे म्हणाले बाहेरचं लागलंय. देवऋषाकडं नेलं." बाई म्हणाल्या, हे बाहेरचे नव्हे. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडसारख्या काही औषधांनी, विशेषतः मुलांना आणि तरुणांना, मानेचे आणि डोळ्यांचे स्नायू असे आखडतात. दवाखान्यात नेले तर एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. खोलीत क्षणभर शांतता पसरली. त्या पोराला त्या रात्री काय काय सोसावे लागले असेल, ते सगळ्यांच्या मनात आले असणार.

माझ्या मते खरे प्रशिक्षण त्या तासात झाले. आशाताईंना औषधशास्त्र शिकवायचे नाही. लोकांच्या बोलीतले दुखणे ऐकून "हे औषधाचे तर नसेल?" ही शंका त्यांच्या मनात यावी, एवढेच शिकवायचे आहे. आणि शंका आली की चार गोष्टी विचारायच्या. कोणाला झाले? कोणते औषध घेतले होते, आणि कधीपासून? त्रास काय झाला आणि कधी सुरू झाला? सांगणारे कोण? या चार गोष्टी मिळाल्या की नोंद होऊ शकते. आणखी दोन प्रश्न विचारले तर सोन्याहून पिवळे : औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, आणि याआधी तीच गोळी घेतल्यावर असे झाले होते का? आमच्या काकूंना हा शेवटचा प्रश्न कुणी खोदून विचारला असता तर!

पाकीट फेकू द्यायचे नाही, हे त्या बाईंनी दहा वेळा सांगितले. पाकिटावर नाव असते, बॅच नंबर असतो, मुदत असते. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो. पुडीतून सुट्ट्या गोळ्या दिल्या असतील तर कुणी दिल्या ते लिहायचे. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या आणि काढेही यात आले. "झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय" हे खरे नाही. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. महिनाभरात गुडघा हलका होतो आणि तोंड मात्र चंद्रासारखे गरगरीत सुजते.

"आम्ही लिहिलं तर आमच्यावरच येईल"

चहाच्या वेळी खरी गोष्ट बाहेर आली. एक जाणती आरोग्यसेविका म्हणाली, "भाऊ, हे सगळं खरं. पण आम्ही लिहिलं की पहिला प्रश्न आम्हालाच. तू गोळी दिलीसच का? डॉक्टरसाहेब नाराज, गावकरी अंगावर." दुसरी म्हणाली, "आणि अजून एक वही? आधीच किती रजिस्टरं आहेत!"

ही भीती खोटी नाही, तिला उत्तर दिलेच पाहिजे. ही नोंद म्हणजे तक्रार नव्हे. फॉर्मवरच लिहिलेले असते की नोंद केली म्हणजे डॉक्टरची, कर्मचाऱ्याची किंवा औषधाची चूक कबूल केली असा अर्थ होत नाही. रुग्णाचे पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरे पुरतात, माहिती गुप्त ठेवली जाते. औषधानेच झाले हे सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर नाही. शंका लिहायची, छाननी पुढचे लोक करतील. हे ताईंना माहीत असून भागत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने मासिक बैठकीत सर्वांसमोर तोंडाने म्हणायला हवे की लिहिणाऱ्याला कुणी बोलणार नाही. जिथे साहेब पहिल्या नोंदीवरच खेकसले, तिथे दुसरी नोंद येत नाही. वहीचे म्हणाल तर नवे रजिस्टर कशाला? आहे त्याच डायरीत शेवटची चार पाने पुरतात. आशाताईने गोष्ट टिपायची, आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने फॉर्म भरून केंद्राकडे द्यायचा.

लपवून ठेवण्याने काय होते, ते क्षयरोगाच्या औषधांत बघा. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. त्यात धोका काही नाही, पण आधी सांगितले नसेल तर माणूस "रक्त जातंय" म्हणून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो. त्याच औषधांनी काहींना खरोखरची कावीळ होते. भूक मरते, उलट्या होतात, डोळे पिवळे होतात. तिथे मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठले पाहिजेत. इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजर अधू होते, लाल-हिरवा ओळखू येत नाही. कुष्ठरोगाच्या क्लोफॅझिमीनने कातडी काळवंडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी ती निवळते. पण तरुण मुलगी ते न सांगताच औषध सोडून देते. कशाला घाबरायचे नाही आणि कशाला पळत सुटायचे, हा फरक दारावर येणाऱ्या ताईला सांगता आला तर उपचार टिकतो. नाही तर पारावरची अफवा उपचार मोडते.

हत्तीरोगाच्या गोळ्यांचा अनुभव अनेक गावांना आहे. मोहिमेत गोळ्या खाल्ल्या आणि दोन-चार जणांना ताप, मळमळ, चक्कर झाली की "गोळ्या विषारी" अशी बोंब उठते. खरे तर ज्याच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू आहेत, त्याच्या अंगात ते मरू लागल्याने ताप येतो. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात. दोन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बायांना आणि फार आजारी माणसांना द्यायच्या नसतात. हे आधी सांगणे आणि नंतर चार दिवस घरोघर फिरून विचारणे, दोन्ही प्रशिक्षणात हवे. विचारपूस झाली की बोंब उठत नाही.

उपवासाचेही इथेच सांगतो, कारण हे आपल्याकडेच विशेष घडते. साखरेच्या आजारावर ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असते. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी माणूस जेवत नाही, गोळी मात्र नेमाने घेतो. दुपारी दरदरून घाम, थरथर, बरळणे, कधी बेशुद्धी. लोक म्हणतात उपवास सोसला नाही. सोसली नाही ती रिकाम्या पोटी घेतलेली गोळी. शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता 108 ला फोन करावा.

उलट बाजूही लक्षात असू द्या. प्रत्येक चक्कर औषधाची नसते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या दिवसांत मळमळ, घाम, डोळ्यांना अंधारी असा माणूस आला तर "कुठली गोळी?" या प्रश्नाबरोबर "काल फवारलं का, काय फवारलं?" हाही प्रश्न ताईने विचारलाच पाहिजे. तिथेही तेच : डबा फेकू नका, सोबत न्या.

एकाचे दुखणे, की गावाचे?

एका माणसाला एखादे औषध न मानवणे वेगळे आणि औषधच नासके निघणे वेगळे. पण दोन्हींची पहिली खूण सारखीच दिसते. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे अचानक बंद पडली आणि चौदा जण गेले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. आता सगळे सुधारले असे वाटत असतानाच 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली. विष तेच. त्यांतली अनेक मुले उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. साधा सर्दी-खोकला, मग उलट्या, मग लघवी बंद. एका घरात हे घडले तर ते नशीब वाटते. एकाच मुलखातल्या तीन घरांत तीच बाटली निघाली, तर ती धोक्याची घंटा आहे, आणि ती ऐकू येण्यासाठी तिन्ही घरांत जाणारे एकच माणूस लागते. आपल्या गावात ते माणूस आशाताईच असते. केंद्र सरकारने त्यानंतर पुन्हा बजावले आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ते सहसा नकोच.

थोडे विषयांतर करतो, पण ते तुमच्या गोठ्यातलेच आहे. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की पूर्वी गिधाडे उतरायची. 1990 च्या दशकात ती दिसेनाशी झाली. कुणी म्हणाले रोग, कुणी काही. 2004 साली कारण प्रसिद्ध झाले : जनावरांना सुजेवर आणि दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. ते टोचलेले जनावर मेले, त्याचे मांस खाल्ले, आणि गिधाडांची मूत्रपिंडे गेली. भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केले, आता मेलॉक्सिकॅम वापरायला सांगतात. इतका मोठा दुष्परिणाम कळायला एवढी वर्षे गेली. गिधाडाला विचारपूस करणारी आशाताई नव्हती, दुसरे काय!

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनी यात काय करावे? पैसा फार लागत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती तुमच्याच गावात आहे. तिच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन आपल्या उपकेंद्राच्या ताईंना हे प्रशिक्षण कधी मिळाले, ते विचारा. ग्रामसभेत दहा मिनिटे आशाताईला बोलू द्या, आणि ती बोलत असताना घरकुलाच्या यादीचा वाद काढू नका. गावात मेडिकल असेल तर दुकानदाराला बिल द्यायला सांगा. बिलावर औषधाचे नाव आणि बॅच नंबर येतो. आणि शाळेच्या, पंचायतीच्या, उपकेंद्राच्या भिंतीवर एक फोन नंबर रंगवून घ्या : 1800-180-3024. हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा मोफत नंबर आहे, कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत लागतो. रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतः कळवले तरी चालते. लोकांसाठीचा सोपा फॉर्म मराठीतही आहे.

घरी काय कराल? नव्या गोळीनंतर अंगावर पुरळ येऊन तोंड किंवा डोळेही आले, श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. सगळी औषधे पिशवीत घालून दवाखाना गाठा. इंजेक्शन किंवा लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा. किरकोळ त्रासासाठी फिटची, रक्तदाबाची, क्षयाची औषधे आपल्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी ताईला किंवा डॉक्टरांना सांगा.

आमच्या काकूंच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत आता एक चिठ्ठी असते. "सल्फाची औषधे देऊ नयेत" असे तिच्यावर डॉक्टरांच्या सहीनिशी लिहिलेले आहे. काकूंना वाचता येत नाही, पण दवाखान्यात गेल्या की नाव सांगण्याआधी ती चिठ्ठीच पुढे करतात.